गोव्याचे दोन कागद

गोव्याला जायचं ठरलं ते टँकरच्या रांगेत. मीरा रोडला आम्ही नव्याने राहायला आलो होतो ती वर्षं. इमारतीत नळ होते, बेसिनं होती, पण पाणी टँकरने यायचं, तेही पहाटे. पेणकरपाड्याच्या अलीकडे आमची चार मजली इमारत. टँकर आला की सगळ्या बायका हंडे, कळशा, तेलाचे रिकामे डबे घेऊन खाली. मी, माझ्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी आणि तळमजल्यावरच्या बाई, अशा आम्ही तिघी रोज मागेपुढे उभ्या असायचो.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं, पन्नाशीला आल्या होत्या, एकट्याच राहायच्या. एका पहाटे त्या म्हणाल्या, "या नाताळच्या सुट्टीत मी गोव्याला जाणार आहे. एकटीला जेवायचा कंटाळा येतो. तुम्ही दोघी येता का?"

मी हसले. नोकरी, दोन मुली, सासूबाई, नवरा हे सगळं सोडून बायका बायकांनी गोव्याला जायचं, ही गोष्ट आमच्या घरात कुणी ऐकलेलीही नव्हती. वहिनी मात्र हसल्या नाहीत. कळशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "समुद्रात उतरता येईल?"

"समुद्र काय, उत्तनलाही आहे की," मी म्हटलं.

"तो बघायचा. मला आत जायचंय."

उत्तन-पालीला आम्ही पावसाळ्याआधी सुकट-बोंबील घ्यायला जायचो. तिथे किनाऱ्यावर होड्या, जाळी, बांबूंवर टांगलेली मासळी. जिथे उभं राहावं तिथे आपण कुणाच्या तरी कामाच्या आड येतोय असं व्हायचं. वहिनी मूळच्या रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. लहानपणी भरतीच्या पाण्यात पोहत पलीकडच्या काठाला जायच्या म्हणे. लग्न होऊन मुंबईला आल्यापासून इथल्या समुद्रात त्यांचं पाऊलही भिजलं नव्हतं. हे त्यांनी त्या दिवशी रांगेत सांगितलं. एरवी त्या फारसं बोलायच्या नाहीत. घरी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवायच्या. मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. सायकलने जायचे-यायचे. जिन्यात समोरून एखादी बाई आली तर हे कडेला होऊन, मान खाली घालून उभे राहणार. सगळी इमारत त्यांना चांगला माणूस म्हणायची. पण त्यांच्या सायकलचा आवाज आवारात आला की वहिनी बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडायच्या. हे मी पुष्कळदा पाहिलं होतं.

माझ्या घरी मी विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "जा ना," आणि पुढे आठवडाभर कामापुरतंच बोलला. सासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला. "मुलींना मी बघते. माझ्या वेळी कुणी विचारलं असतं तर मीही गेले असते."

मग दर सुट्टीच्या शनिवारी दुपारी आम्ही बाईंकडे बसू लागलो. बाईंनी शाळेचा मोठा नकाशा आणला होता, तो पलंगावर पसरायचा आणि तिन्ही बाजूंनी आम्ही. बाईंनी तासांच्या वेळापत्रकासारखं वेळापत्रक केलं होतं. सकाळी जुन्या गोव्याची चर्च, दुपारी संग्रहालय, चार वाजता फेरीबोटीने नदी ओलांडणे. मला त्यात जेवणाला कुठे जागाच दिसेना. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मावशी कोलव्याला राहायची, दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. तिच्या हातच्या हुमणाबद्दल, म्हणजे माशाच्या आमटीबद्दल, मी इतकं ऐकलं होतं की मला त्या एका जेवणासाठी तरी जायचंच होतं. सकाळी पातळभाजी-पाव, दुपारी तळलेली इसवण, म्हणजे आपली सुरमई, आणि हुमण, परतताना घरी न्यायला गोड बेबिंका, असं मी एका बाजूला लिहून काढलं. बाई मासे खात नव्हत्या. "मी काय चार दिवस पाव चघळू?" म्हणून त्या रुसल्या. मग देवळांच्या बाजूला भाज्यांचं खतखतं मिळतं असं कळल्यावर एक दिवस देवळांचा ठरला.

वहिनी या भांडणात पडायच्या नाहीत. त्या नकाशावर खाली, अगदी दक्षिणेला बोट ठेवायच्या. "इथे कधी?" माझ्या सहकाऱ्यानेच सांगितलं होतं, पोहायचं असेल तर पाळोळ्याला जा, तिथलं पाणी शांत असतं. कोलव्याहून मडगाव, मडगावहून काणकोणची बस, असा सगळा दिवस त्यात जाणार होता. बाईंना तो वाया वाटत होता. शेवटी वहिनी म्हणाल्या, "बाई, बाकीचे तीन दिवस तुम्ही म्हणाल तिथे येते. चर्च दाखवा, संग्रहालय दाखवा. हा एक दिवस मला द्या." त्यांच्या तोंडून इतकं लांब बोलणं आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बाईंनी खोडरबर घेऊन संग्रहालय खोडलं.

त्याच दुपारी त्यांनी मला हळूच सांगितलं, "ताई, ह्यांना मी देवदर्शन सांगितलंय. मंगेशी, शांतादुर्गा. समुद्राचं नाव काढलेलं नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे, तसा एक कागद लिहून द्याल? कपाटात दिसेल असा ठेवते."

ऑफिसात साहेबांच्या सहीसाठी मसुदे लिहिण्यात माझी बारा वर्षं गेली होती. मी लिहून दिला. पहिला दिवस मंगेशी, दुसरा दिवस शांतादुर्गा, तिसरा दिवस म्हाळसा, चौथा दिवस परत. देवळांची नावं, आरतीच्या वेळा, बसच्या वेळा. आरतीच्या वेळा मी मनानेच घातल्या. खरा कागद बाईंच्या नकाशात राहिला. लिहिताना मला थोडी गंमतही वाटली होती, हे कबूल करायला हवं.

वहिनींनी तिघींसाठी समुद्राचे ड्रेस शिवले. गडद निळं, जाडसर सुती कापड, ओलं झालं तरी अंगाला चिकटणार नाही असं. गुडघ्याखालपर्यंत कुर्ता, कोपरापर्यंत बाह्या. बाईंकडेच आम्ही ते घालून बघितले. एरवी मी साडीच नेसायची, त्यामुळे आरशासमोर उभं राहायलाच लाजले. वहिनी मात्र तो ड्रेस घालून खोलीच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरून बघितले, खांद्यात ओढतंय का म्हणून.

निघायला आठ दिवस होते. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर सासूबाई दारातच उभ्या. हळू आवाजात म्हणाल्या, "खालचे भाऊ आलेत. तासभर झाला. चहा नको म्हणतात."

ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. मला बघून उठले, मी बसा म्हटल्यावर पुन्हा बसले. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या, पण आतून भांड्यांचा आवाज येईना.

त्यांनी खिशातून कागद काढला. "ताई, हे अक्षर तुमचं ना?"

"हो."

"छान आहे." त्यांनी तो घडीवर घडी घालून खिशात ठेवला आणि पिशवीतून निळा ड्रेस काढला. "आणि हा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा असेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"तिचा आहे. तिचा डावा खांदा जरा उतरता आहे. स्वतःचे कपडे कापताना ती डावी बाजू अर्धा इंच खाली घेते. दुसऱ्या कुणासाठी कशाला घेईल?" ते ड्रेसकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "देवळात असं घालून जातात का?"

ते आवाज चढवत नव्हते आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. घरी जाऊन हा माणूस काय करेल याचा अंदाज येईना. खोटं पुढे रेटावं तर ते सगळं ओळखून आले होते. मग मी खरं सांगितलं. देवळांचा एकच दिवस आहे, बाकी समुद्र आहे, पाळोळ्याला जायचंय, वहिनींना पोहायचंय. चूक माझी आहे, कागद मी लिहिला, त्यांना काही बोलू नका.

त्यांनी ड्रेस मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "परत येणार आहे ना ती?"

मला प्रश्न कळलाच नाही. "म्हणजे?"

"आम्ही लालबागला होतो तेव्हा ती एकदा माहेरी गेली. मावसबहिणीचं लग्न आहे, जाऊन येते म्हणाली. लग्न नव्हतंच. दिवाळी झाल्यावर गेली ती गुढीपाडव्यापर्यंत आली नाही. मी दोनदा न्यायला गेलो, तिने येते म्हटलं नाही, नाही येत असंही म्हटलं नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आली." त्यांनी ड्रेसची घडी घालायला घेतली. "तेव्हाही आधी खोटंच सांगितलं होतं. म्हणून विचारतोय."

"का गेल्या होत्या?"

"तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही." मग त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्ही सांगा. येईल ना?"

"येतील," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. "मी त्यांना घेऊन येईन."

त्यांनी मान हलवली. "मग मी आलो होतो हे तिला सांगू नका. ड्रेस होता तिथे ठेवतो." ड्रेस त्यांनी मूळच्याच घडीवर, बाह्या आत दुमडून पिशवीत घातला आणि गेले.

सासूबाई बाहेर आल्या. "दुसऱ्याच्या बायकोचा शब्द तू कसा दिलास?"

"मग काय करायला हवं होतं?"

"तिलाच विचारा, असं सांगायचं होतंस."

त्या म्हणाल्या ते बरोबर होतं, पण मी शब्द देऊन बसले होते. पुढचे आठ दिवस माझे फार वाईट गेले. वहिनी रांगेत भेटायच्या, नेहमीपेक्षा जास्त बोलायच्या, आणि मी त्यांचं प्रत्येक वाक्य तपासत राहायची. चार दिवसांना त्यांनी पाच साड्या काढल्या, त्या कशाला? एका पहाटे त्यांनी सहज विचारलं, "ताई, पणजीहून रत्नागिरीची एसटी असते ना?" "माहीत नाही," मी म्हटलं. त्यांना सगळं सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण भाऊ सांगू नका म्हणाले तेव्हा मी नाहीही म्हटलं नव्हतं.

निघायच्या दिवशी दुपारनंतर काशिमिऱ्याच्या नाक्यावर आम्ही बसची वाट बघत उभ्या होतो. भाऊ पोचवायला आले होते. त्यांनी वहिनींची बॅग आत ठेवली, वाटेत खायला म्हणून संत्र्यांची पिशवी दिली. मला फक्त एवढंच म्हणाले, "सांभाळून."

गोवा मी बघितला असं म्हणवत नाही. मी वहिनींना बघितलं. मावशींचं हुमण खरंच तसं होतं, पण त्या हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या की माझा घास हातात राहायचा. देवळांच्या दिवशी मडगावच्या स्टँडवर एवढी गर्दी होती की मी त्यांची पिशवीच धरून ठेवली. जुन्या गोव्यात बाई चर्चच्या कमानींबद्दल समरसून सांगत होत्या. मी हो हो म्हणत होते आणि वहिनींची निळ्या काठाची साडी कुठे आहे ते शोधत होते.

तिसऱ्या दिवशी पाळोळे. सकाळी अकराच्या सुमाराला पोचलो. अर्धचंद्रासारखा किनारा, माडांची रांग, चारदोन होड्या आणि परदेशी माणसं. पाणी इतकं शांत की लाट येते ती पायाशी येऊन बसल्यासारखी. मावशींच्या ओळखीच्या घरी आम्ही कपडे बदलले. बाई चपला आणि पिशव्या राखत छत्री उघडून बसल्या. मी गुडघाभर पाण्यात जाऊन थांबले.

वहिनी थांबल्या नाहीत. पाणी छातीला लागेपर्यंत चालत गेल्या आणि मग अंग सोडून दिलं. इतक्या वर्षांनी पोहत होत्या, पण हातांना काही विसर पडलेला नव्हता. डोकं वर, डोकं खाली, सावकाश. त्या पुढे जात राहिल्या. पहिल्या होडीपर्यंत गेल्या, मग दुसऱ्या. डोकं नारळाएवढं दिसायला लागलं. माझा धीर सुटला आणि मी ओरडले, "वहिनी, परत या. परत या ना."

किनाऱ्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. वहिनी वळल्या. येताना त्यांना वेळ लागला. पाण्यातून चालत त्या माझ्यासमोर आल्या आणि दम घेत उभ्या राहिल्या.

"ताई, तीन दिवस बघतेय. बाथरूमला गेले तरी तुम्ही दाराशी. काल स्टँडवर माझी पिशवी सोडली नाहीत. कुणी सांगितलंय तुम्हाला?"

मी कुर्त्याचं ओलं टोक पिळायला लागले.

"हे आले होते ना तुमच्याकडे?"

मी सगळं सांगितलं. ड्रेस, खांदा, लालबाग, शब्द. त्या ओल्या वाळूत बसल्या. मीही बसले. बाई लांबून बघत होत्या, पण उठल्या नाहीत.

मग त्या म्हणाल्या, "लालबागच्या त्या खोलीत आम्ही नऊ माणसं होतो. मला झोपायला शिलाई मशीनखालची जागा. उशाला मशीनचं पायडल. कुणी मारलं नाही, कुणी जेवायला कमी दिलं नाही. पण एक दिवस मला वाटलं, मी इथे अशीच मरणार. मग गेले. खाडीत उतरले आणि परत यायचं काही मनात येईना. तिसऱ्यांदा हे आले ते मीरा रोडच्या जागेची किल्ली घेऊन. म्हणून आले."

"हे त्यांना सांगितलं नाहीत?"

"त्यांची आई, त्यांचे भाऊ. काय सांगणार? त्यांनी विचारलंही नाही." त्या समोर बघत होत्या. "आता माझी आई थकलीये. मी उद्या पणजीहून तशीच रत्नागिरीला जाणार होते. दोन रात्री राहून मग घरी. ह्यांना आधी सांगितलं असतं तर सोडलं नसतं."

"नक्की आला असता?" माझ्या तोंडून गेलंच.

"आता तुम्हीही विचारा," त्या म्हणाल्या आणि उठून पुन्हा पाण्यात गेल्या. या वेळी मी त्यांना हाक मारली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पणजीला आलो. आमची बस दुपारची होती, तोवर फेरीबोट आणि बेबिंकाची खरेदी ठरलेली. स्टँडवर उतरताच वहिनींनी आपली बॅग उचलली. रत्नागिरीची एसटी फलाटाला लागलेली होती.

"ताई, मी जाते. परवा दुपारपर्यंत घरी पोचेन. ह्यांना तेवढं सांगा."

मी बॅगेचा एक बंद धरला. धरला म्हणजे खरोखरच धरला. त्या ओढत नव्हत्या, फक्त माझ्याकडे बघत होत्या. कंडक्टरने घंटी मारली. बाई मागून म्हणाल्या, "सोडा हो. मोठी बाई आहे ती." मी सोडला. वहिनी खिडकीपाशी बसल्या, बस वळली आणि गेली. फेरीबोटीत मी बसले की नाही हे मला आज आठवत नाही. बेबिंका आणली होती एवढं खरं, कारण मुलींनी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बस काशिमिऱ्याला आली. मला खिडकीतूनच भाऊ दिसले. स्वेटर घालून, रिक्षा थांबवून उभे होते. बाई आधी उतरल्या, मग मी. ते बसच्या दाराकडे बघतच राहिले. दार बंद झालं आणि बस निघून गेली.

"त्या रत्नागिरीला गेल्यात," मी म्हटलं. "आईला बघायला. उद्या दुपारपर्यंत येतात."

त्यांचा चेहरा काही बदलला नाही. "उद्या, असं तिने स्वतः सांगितलं?"

"हो. तुम्हाला सांगा म्हणाल्या."

"मागच्या वेळी तिने दिवस सांगितला नव्हता," ते म्हणाले. मग आमच्या बॅगा रिक्षात ठेवल्या आणि स्वतः सायकलवरून मागून आले.

तो दिवस आणि दुसरा दिवस. मला ऑफिसात रजा नव्हती. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले, फाइल समोर तशीच उघडी. घरी फोन नव्हता. संध्याकाळी इमारतीत शिरले तर जिन्यातून वर जायचं धाडस होईना, त्यांचं दार मध्येच होतं. दार बंद होतं. आतून मशीनचा आवाजही नव्हता. वर आले. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं. "आली गं. चार वाजता. पार काळवंडलीये. झोपली असेल."

मी चपलाही न काढता तशीच खाली बसले आणि रडले. सासूबाईंनी पाणी आणून दिलं.

पुढे दोन आठवडे वहिनी माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. रांगेत बाईंच्या पलीकडे उभ्या राहायच्या. मग एका रविवारी दुपारी त्या वर आल्या. हातात आमसुलांची पुडी होती, आईने दिलेली. बसल्या. चहा घेतला.

"ताई, पुन्हा कुणी माझ्याबद्दल काही विचारलं तर आधी मला सांगायचं."

"चुकलंच माझं," मी म्हटलं.

त्यांनी बशीतला चहा संपवला. "त्या दिवशी मी आले ना, तेव्हा हे कामावर गेलेच नव्हते. मी हातपाय धुतले, जेवले, आणि मग ह्यांनी विचारलं. तेव्हा का गेली होतीस, म्हणून. इतक्या वर्षांनी."

"मग?"

"सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. आज सकाळी म्हणाले, उन्हाळ्यात तुझ्या आईंना इकडे आणू, इथे जागा आहे." त्या उठल्या. "पाण्याचं काय करायचं तेवढं बघायला हवं. आईला अंघोळीला दोन बादल्या लागतात."

खाली आवारात सायकलचा आवाज आला. वहिनी दाराशी थांबल्या आणि सासूबाईंना आमसुलं उन्हात कशी घालायची ते सांगत राहिल्या, सगळं सांगून पूर्ण होईपर्यंत.